एका बोटात दप्तरी दाखल

आज समीक्षेला घेतलेली गोष्ट म्हणजे ग्रंथ नव्हे. ती कळफलकावरची एक सोय आहे. आलेला ईमेल वाचायचा, ठरवून ठेवलेली कळ दाबायची, की तो नेमलेल्या फोल्डरात जाऊन बसतो. ग्रंथाबद्दल आपण विचारतो, की लेखकानं काय गृहीत धरलंय? तोच प्रश्न या सोयीला विचारू. ग्रंथ मिटून ठेवता येतो. ही गोष्ट मात्र दिवसातून कितीतरी वेळा आपल्या बोटांतून जाते.

आउटलुकपासून सुरुवात करू. २०१० च्या आवृत्तीत मायक्रोसॉफ्टनं त्यात ‘क्विक स्टेप्स’ आणल्या. दोन-चार कृती एकत्र बांधायच्या, त्या मोळीला नाव द्यायचं आणि कंट्रोल-शिफ्ट-१ पासून कंट्रोल-शिफ्ट-९ पर्यंतची एखादी जोडी तिला लावायची. म्हणजे जागा नऊच. नऊ कमी आहेत असं कुणी म्हणेल, पण आम्हाला त्या पुरेशा वाटतात. फोल्डर पन्नास असले तरी बोटांना पन्नास गोष्टी पाठ होत नाहीत. आमचा आक्षेप वेगळाच आहे. तयार मिळणारी ‘मूव्ह टू’ ही पायरी बघा. ती निरोप फोल्डरात हलवते, आणि त्याच दमात त्यावर ‘वाचला’ अशी खूणही करते. हलवणं ही वस्तूची जागा बदलणं झालं. वाचणं ही माणसाच्या मनात घडणारी गोष्ट. पहिलीवरून दुसरी सिद्ध होत नाही. इथे मात्र यंत्र तुमच्या वतीनं सही करून मोकळं होतं.

मराठीत याला नेमका शब्द आहे: दप्तरी दाखल. कागद दप्तरी दाखल झाला, म्हणजे नोंदला गेला. आणि आता त्याचं काही होणार नाही, हेही त्यातच आलं. आपल्या कार्यालयांनी हा दुहेरी अर्थ शब्दाला वापरून वापरून दिलाय.

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या सचिवांनी ३ या कळीवर ‘सोसायटी’ फोल्डर बांधलाय. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचा ईमेल येतो, की भिंतीतून पाणी झिरपतंय, विजेच्या बटणापर्यंत ओल आली आहे. सचिव विषयाची ओळ पाहतात, बोट चालतं, निरोप योग्य फोल्डरात जातो. वर्गीकरण बिनचूक! पण ठळक अक्षरं साधी झाली, इनबॉक्स स्वच्छ झाला, आणि आजी वाट बघत बसल्या. इथे चूक कुणाची दाखवणार? कळ बरोबर, फोल्डर बरोबर. चुकला तो विभागणीचा पाया.

या पायाबद्दल आपल्या नैयायिकांनी फार बारकाईनं विचार केलेला आहे. उदयनाचार्यांनी जातिबाधक सांगितले, म्हणजे एखादा धर्म ‘जाती’ म्हणून मानायला काय काय आड येतं ते. त्यातला एक ‘संकर’. भूतत्व पृथ्वी, जल, तेज, वायू आणि आकाश यांच्यात आहे. मूर्तत्व पृथ्वी, जल, तेज, वायू आणि मन यांच्यात आहे. चार ठिकाणी दोन्ही एकत्र, पण आकाशात एकच आणि मनात दुसरंच. असे एकमेकांत घुसलेले धर्म जाती ठरत नाहीत. आता तुमच्या डावीकडची फोल्डरांची यादी आठवा: ‘बँक’, ‘मुलगी’, ‘तातडीचं’. मुलीनं बँकेच्या कामाचा तातडीचा निरोप पाठवला, तर बोट कुठल्या कळीवर जाणार? फोल्डर एकच जागा देतो आणि विषय मात्र संकर करत राहतात. कळ जितकी जलद, तितका तो पेच न सोडवताच पुढे ढकलला जातो.

जीमेलनं २००४ मध्ये फोल्डरऐवजी लेबलं दिली. एका निरोपाला हवी तितकी. संकराची पंचाईत गेली. कळी सेटिंग्जमध्ये जाऊन चालू कराव्या लागतात, आणि अमुक लेबलाला अमुक कळ असं तिथं बांधता येत नाही. ‘एल’ दाबा, नावाची दोन-तीन अक्षरं टाइप करा, एंटर द्या. याला लोक उणीव म्हणतील, आम्ही म्हणणार नाही. एंटरच्या आधी नाव डोळ्यांसमोर येतं आणि क्षणभर मन तिथं ठरतं.

मॅकवर कळ बांधायची तर मेन्यूतलं नाव जसंच्या तसं लिहावं लागतं. फोल्डर ‘निवृत्तिवेतन’ आणि तुम्ही लिहिलंत ‘निवृत्तीवेतन’, तर कळ मुकी. शुद्धलेखनाचा इतका कडक परीक्षक आता मराठीच्या विभागातसुद्धा मिळत नाही, असो.

थंडरबर्डमध्ये १ ते ५ या आकड्यांवर तयार टॅग असतात: महत्त्वाचं, काम, वैयक्तिक, करायचं आहे, नंतर. निरोप जागचा हलत नाही, हे उत्तम. पण ही पाच नावं पुन्हा वाचा. पहिलं मोल सांगतं, दुसरं-तिसरं क्षेत्र सांगतं, चौथं-पाचवं कृती सांगतं. एका यादीत विभागणीची तीन तत्त्वं! तर्कशास्त्राच्या पहिल्या वर्षाला हे उत्तर आलं असतं, तर आम्ही निम्मे गुण कापले असते.

सर्वांत समंजस वागणूक आम्हाला मट या जुन्या, अक्षरी पडद्यावर चालणाऱ्या सॉफ्टवेअरची वाटते. त्यात मॅक्रो लिहून कुठलीही कळ कुठल्याही फोल्डरला जोडता येतेच. पण ‘सेव्ह-हुक’ अधिक लक्षणीय आहे. कुणाचा निरोप आहे वगैरे पाहून यंत्र फोल्डराचं नाव फक्त सुचवतं. मान्य असेल तर एंटर, नसेल तर नाव बदला. यंत्राचं अनुमान, निर्णय माणसाचा.

मग कळी कशाला जोडाव्यात? याचं उत्तर महाराष्ट्राच्या सरकारी कार्यालयांत कागदावर कधीचंच आहे. तिथली सहा गठ्ठे पद्धत ठाऊक असेल: प्रलंबित प्रकरणं, प्रतीक्षाधीन प्रकरणं, नियतकालिकं, स्थायी आदेशांच्या संचिका, अभिलेख कक्षात पाठवायची प्रकरणं, आणि नष्ट करायचे ‘ड’ वर्गाचे कागद. यातला एकही गठ्ठा कागद कशाबद्दल आहे ते विचारत नाही. कागदाचं पुढे काय व्हायचं, एवढंच विचारतो. पद्धत प्रत्यक्षात किती पाळतात तो भाग वेगळा; विभागणी म्हणून ती थंडरबर्डच्या पाचांपेक्षा सरस आहे. आजींचा निरोप इथे ‘सोसायटी’त जाऊच शकत नाही. तो प्रलंबितात जाईल. प्लंबरला कळवलं असेल तर प्रतीक्षाधीन.

सहा गठ्ठे नऊ कळींत सहज मावतात. आउटलुकमध्ये १ वर प्रलंबित आणि २ वर प्रतीक्षाधीन बांधा, आणि पायरी संपादित करून त्या दोन्हींतून ‘वाचला’ ही खूण काढून टाका, म्हणजे अक्षरं ठळक राहतील. नियतकालिकं, आदेश आणि अभिलेख यांना खूण राहिली तरी चालेल. सहाव्या गठ्ठ्याला मात्र आम्ही कळ देणार नाही. नष्ट करायचं ते माउस हातात घेऊन, एकेक नाव वाचत करावं.