सोलापूरचीं रोजचीं छायाचित्रें : साधन म्हणून परीक्षण

आपल्या शहराचें दररोज एक छायाचित्र घेऊन तें लोकांपुढें ठेवावयाचें, असा परिपाठ अलीकडे हौशी मंडळींत ठिकठिकाणीं पडला आहे; सोलापूरही त्यास अपवाद नाहीं. आमच्या वाचकवर्गाचें लक्ष या चित्रांकडे फारसें गेलेलें दिसत नाहीं. जुन्या कागदांचा एखादा रुमाल निघाल्याचें कळतांच आपण कोसच्या कोस धांवतों. डोळ्यांदेखत रोज निर्माण होणारें साधन मात्र करमणूक म्हणून सोडून देतों. आमच्या पाहण्यांत आलेल्या चित्रांवरून त्यांची योग्यता ठरविण्याचा येथें प्रयत्न केला आहे.

प्रथम दोष. सिद्धेश्वर तलावावरील मावळता सूर्य, भुईकोट किल्ल्याचा तट, संक्रांतीच्या गड्ड्यांतील नंदीध्वज आणि दिव्यांनीं उजळलेलें इंद्रभुवन, हे चार विषय पुनःपुन्हा येतात. चित्रें देखणीं असतात, परंतु त्यांची जात बखरीची. कर्त्यास जें दाखवावयाचें तेंच त्यांत दिसतें. शिवाय विजेच्या तारा, हातगाडे, फलक व माणसें पुसून टाकून इमारत 'स्वच्छ' करण्याची जी हौस वाढली आहे ती आम्हांस घातक वाटते. इंद्रभुवन अप्पासाहेब वारदांनीं बांधविलें. पुढें तें महानगरपालिकेच्या कचेरीच्या उपयोगास आलें. अर्जाचा कागद हातांत घेऊन पायरीवर ताटकळणारा मनुष्य चित्रांत राहिला, तर वाड्याची कचेरी झाल्याची ती अस्सल साक्ष होय. तो पुसला म्हणजे नुसतें बांधकाम राहतें, आणि तें पाहावयास पुढच्या संशोधकास चित्राची गरज नाहीं. इमारत उभी आहे तोंवर तो तेथें जाऊनच पाहील.

या किरकोळ तपशिलाची किंमत सोलापूरकरांस तरी सांगावयास नको. १९३० च्या एप्रिलांत येथील नगरपालिकेवर राष्ट्रीय निशाण लागलें, आणि १२ मेपासून जूनअखेरपर्यंत शहर लष्करी कायद्याखालीं होतें. त्या दिवसांचे हुकूम व खटल्यांची हकीकत आपण वाचतों. पण रस्त्यावरच्या गांधी टोप्या कोणत्या दिवशीं दिसेनाशा झाल्या, कोणत्या पेठेंत दुकानांच्या फळ्या उघडल्या, गिरणीचा भोंगा झाल्यावर पाळीचे कामगार कोणत्या वाटेनें गेले, हें त्यांतून काढणें अवघड आहे. त्या सात आठवड्यांतील रोजचें एकेक चित्र, कितीहि अंधुक असो, हातीं लागलें तर आम्ही त्यापुढें शंभर सूर्यास्त ओवाळून टाकूं!

दुसरा दोष याहून मोठा. पत्रांत तिथि व महिना आहे पण शक नाहीं, ही अडचण मराठी कागद वाचणाऱ्या प्रत्येकाच्या अनुभवाची आहे. राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'साधनां'चा पहिला खंड छापला, तेव्हांपासून कालनिर्णयांत किती विद्वानांचें आयुष्य वेंचलें! तीच चूक आज जाणूनबुजून होत आहे. कॅमेरा दिवस व वेळ आपण होऊन टिपतो. पण चित्र एका मोबाइलवरून दुसऱ्यावर धाडतांना ती नोंद बहुधा गळून पडते, आणि 'आठवणींतलें सोलापूर' एवढा मथळा तेवढा उरतो. पॅरिसचा युजीन अॅत्जे (१८५७–१९२७) जुन्या शहराचीं दारें, जिने व दुकानें टिपून तीं चित्रें संग्रहालयांस व ग्रंथालयांस विकी. तो काचेवर क्रमांक कोरी व छापाच्या पाठीवर स्थळ लिही. त्याच्या कलेचा गौरव पुष्कळांनीं केला आहे. आम्हांस तो क्रमांक अधिक मोलाचा वाटतो.

किल्ल्याविषयीं एक गोष्ट जातां जातां सांगतों. ज्यासाठीं सोळाव्या शतकांत निजामशाही व आदिलशाही झगडल्या, आणि जो १८१८ च्या मे महिन्यांत मन्रोच्या फौजेनें घेतला, त्या किल्ल्याच्या तटांत जुन्या देवळांचे कोरीव दगड बसविलेले आहेत. फार्सी शिलालेखही आहेत. भर दुपारच्या चित्रांत अक्षरें सपाट होतात. सकाळच्या अगर संध्याकाळच्या तिरप्या उन्हांत, शेजारीं मोजपट्टी धरून घेतलेलें चित्र वाचनास उपयोगीं पडतें. रोज किल्ल्यावर जाणाऱ्यास यांत कांहीं अधिक कष्ट नाहींत.

तथापि सर्वच चित्रें टाकाऊ नाहींत. सिद्धरामेश्वरांनीं स्थापिलेलीं म्हणून मानिलीं जाणारीं अडुसष्ट लिंगें शहरांत विखुरलेलीं आहेत. गड्ड्याच्या आरंभीं त्यांस तैलाभिषेक होतो. रोज एक याप्रमाणें तीं टिपलीं तर सुमारें सव्वादोन महिन्यांत एक अव्वल दर्जाचें दप्तर तयार होईल, व भोंवतालच्या घरांचीही नोंद आयती होईल. गल्लींतल्या अशा एका लिंगाचें चित्र आम्ही पाहिलें. शेजारच्या उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन एक बाई विड्या वळीत बसली आहे. चित्रकारानें तिला उठविलेलें नाहीं, आणि खालीं गल्लीचें नांव, वार व तारीख घातली आहे.