अरण्य वसाहत: ‘बिघडलेल्या’ घरांच्या बाजूने

इंदूरच्या वारशाची आपली यादी राजवाड्यापासून सुरू होते आणि लालबागेशी संपते. त्यात अरण्य वसाहतीचं नाव यायला हवं, असं माझं मत आहे. (रिक्षावाल्याला मात्र ‘स्कीम ७८’ सांगा.)

१९८०च्या दशकात बाळकृष्ण दोशी यांनी ती इंदूर विकास प्राधिकरणासाठी आखली. सुमारे ८५ हेक्टर जमीन, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, सर्वांत लहान ३५ चौरस मीटरचा. गरिबाला तयार घर द्यायचंच नाही, हा मूळ विचार. जोतं, संडास-न्हाणी, पाण्याची सोय, फार तर एक खोली. पुढचं ज्याने त्याने पैसा येईल तसं वाढवायचं. एबी रोडकडचे मोठे प्लॉट विकून त्या पैशावर लहानांचा भार हलका करायचा. १९९५ मध्ये आगाखान पुरस्कार मिळाला.

कसं वाढवता येईल हे दाखवायला दोशींनी ८० नमुना घरं बांधली. ओटले, बाहेरून चढणारे जिने, सज्जे. पाहायला येणारे हौशी लोक हळहळतात, की रहिवाशांनी ती बिघडवली: ओटल्याचं दुकान केलं, वर मजला चढवला, टाइल्स ठोकल्या. मला ही हळहळ पटत नाही. ती घरं जपून ठेवायला नव्हतीच, ती बघून आपलं घर बांधायला होती. जिथं आज मूळ जिना ओळखू येत नाही, तिथं आराखडा चालला असंच मी म्हणेन.

माझी तक्रार वेगळीच आहे. सुरुवातीची रक्कम कुटुंबाच्या कमाईवरून ठरायची, उरलेले हप्ते. म्हणजे ज्याची कमाईच धड नाही, जो स्टेशनबाहेर फुटपाथवर झोपतो, तो या योजनेत बसतच नाही. त्याच्यासाठी रैनबसेरा, आणि त्याचं नाव कुठल्या पुरस्कारात येत नाही. दुसरं असं, की वाढवता येणारं घर विकताही येतं. आजारपण आलं, लग्न निघालं, की प्लॉट हातचा जातो. घर कसं वाढेल याची कितीतरी रेखाटनं आहेत, पण गेलेलं कुटुंब कुठे जाईल हे रेखाटनात मावत नाही.

आपण गेडिसचा १९१८चा अहवाल कौतुकाने वाचतो, जुनी वस्ती सरसकट पाडू नका म्हणणारा. मग वस्तीत टिकलं कोण, हेही विचारायला हवं. अरण्यचे पहिले प्लॉटधारक आता म्हातारे झाले असतील. इमारतींचे फोटो नंतर काढू, आधी त्यांच्या पेटीतल्या हप्त्यांच्या पावत्या बघू.