मोडी, कोबॉल आणि हळदीची पट्टी

मागच्या व्याख्यानानंतर एका तरुणाने आम्हाला गाठून विचारलं, “सर, मोंढ्यातल्या आडत दुकानासाठी सॉफ्टवेअर करतोय. जावात लिहू की पायथनमध्ये?” आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, प्रोग्राम कधी लिहिला नाही. पण कोणती भाषा कशासाठी योग्य, हा प्रश्न आमच्याच गल्लीतला आहे, म्हणून आज तोच घेऊ.

सुरुवात कोबॉलपासून करावी लागते. धंद्याच्या हिशेबासाठी मुद्दाम घडवलेली ही भाषा; १९५९ मध्ये अमेरिकेत समिती बसली आणि १९६० मध्ये आराखडा बाहेर आला. त्यामागे मोठी प्रेरणा ग्रेस हॉपरबाईंची. धंदेवाईक माणसाला गणिताची चिन्हं नकोत, रोजच्या इंग्रजी शब्दांत आज्ञा लिहू द्या, असं त्यांचं म्हणणं. पुढे १९७५ मध्ये डायक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने कोबॉलने बुद्धी पंगू होते, ती शिकवणं गुन्हा मानावा, अशा अर्थाचं लिहिलं. हे मत आजही मोठ्या चवीने सांगितलं जातं. आम्हाला ते अन्यायाचं वाटतं.

का, ते पाहा. कोबॉलमध्ये रकमेची जागा नेमतानाच दशांशचिन्हाआधी किती अंक आणि नंतर किती, हे सांगावं लागतं, आणि हिशेब आपल्या वहीसारखा दशमान पद्धतीने करता येतो. जावा किंवा पायथनमध्ये साधा अपूर्णांक लिहिला की यंत्र तो द्विमान पद्धतीत ठेवतं, आणि तिथे ०.१ ही संख्या नेमकी बसतच नाही. ती एकेक करून दहा वेळा मिळवा, उत्तर पुरतं १ येत नाही. म्हणजे दहा पैशांची दहा नाणी, आणि रुपया होत नाही! आमचे मामा हिंगोलीच्या मोंढ्यात मुनीम होते. चार आण्यांचा फरक सापडेपर्यंत ते जेवायला उठत नसत. त्यांनी हे यंत्र ओट्यावरून खाली उतरवलं असतं. या भाषांत दशमान हिशेबाची सोय नाही असं नाही. पण ती मागून घ्यावी लागते, आणि नवखा मुलगा मागत नाही.

मात्र हॉपरबाईंची दुसरी आशा आम्हाला भाबडी वाटते. शब्द ओळखीचे असले की वाचणारा आपोआप मिळेल, ही ती आशा. इथे आपल्या घरचं उदाहरण आहे. औंढ्याच्या देवळाला आपण हेमाडपंती म्हणतो. त्याच हेमाद्रीने मोडी रूढ केली, अशी परंपरा सांगते. (परंपरा, बरं का. अभ्यासकांत यावर वाद आहेत.) मोडी ही कारभाराची लिपी, हात न उचलता झरझर लिहायची. अक्षरं थोड्या दिवसांत लागतात. पण पेशवाईच्या महसुली कागदात ‘कमाल’ शब्द आला तर? शब्द ओळखीचा, अर्थ मात्र गावावर आकारलेला पूर्ण वसूल. तो अर्थ अक्षरात नसतो, कचेरीच्या वहिवाटीत असतो. विट्गेनश्टाईनही हेच सांगून गेला, फक्त त्याने मोंढा पाहिला नव्हता.

वाचणारा संपला की काय होतं? २०२३ मध्ये मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. न्यायमूर्ती शिंदे समितीच्या कामात निजामकाळातले दप्तर उघडले, आणि मोडी व उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. कुणाच्या मुलाचा दाखला त्या एका ओळीवर अडला होता. त्याआधी एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या गव्हर्नरने कोबॉल जाणणाऱ्यांना मदतीची हाक दिली. करोनात बेकारभत्त्याचे अर्ज जुन्या यंत्रणेवर कोसळले होते. दोन्हीकडे भाषेला नावं ठेवणारे पुष्कळ निघाले. पण मधल्या पिढीला कुणी शिकवलं नाही, वहिवाट लिहून ठेवली नाही, याचा जाब भाषेला का विचारायचा?

तर त्या तरुणाला आमचं उत्तर: जावा घे नाहीतर पायथन, पैसे दशमानातच ठेव. हळदीच्या पट्टीत हमाली आधी वजा होते की तोलाई, पैशांचा रुपया कुठल्या टप्प्यावर करायचा आणि तो नियम कुणी ठरवला, हे प्रोग्राममध्येच मराठीत लिहून ठेव. मग दुकानातल्या मुनिमाला ते वाचून दाखव. तो कुठे अडतो, ते आम्हाला पुढच्या वेळी येऊन सांग.