राक्षसाला पाटी नको

पोळ्याच्या पाडव्याला सौंदडकडच्या झाडीपट्टीत इडापिडेचं प्रतीक म्हणून मारबत शिवेबाहेर नेऊन टाकतात. रोगराई, खोकला, ढेकूण, सगळं तिच्याबरोबर जायचं. तिचे गुणधर्म कुणी लिहून ठेवत नाही, पण तिचं काय करायचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळातल्या राक्षसांबद्दल असं म्हणता येत नाही. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, एक जण खेळ चालवतो, फासे पडतात आणि समोर राक्षस उभा राहतो. 1974च्या पहिल्या पेटीत राक्षसाला तक्त्यातली एक ओळ पुरत असे: संख्या, चिलखत, चाल, जीव, खजिना. 2000च्या तिसऱ्या आवृत्तीपर्यंत त्या ओळीचं अर्धं पान झालं. मंत्रांची नुसती नावं छापायची आणि अर्थ दुसऱ्या पुस्तकात शोधायचा. 2008 साली ‘मिनियन’ आले. एक घाव बसला की खलास. 2014 साली मंत्रांच्या याद्या परतल्या आणि 2022च्या राक्षस-संग्रहात पुन्हा छाटल्या गेल्या. ही कात्री खेळ चालवणाऱ्याचा ताण हलका करते, यात वाद नाही. पण खेळणाऱ्याला काय दिसतं, हा प्रश्न तसाच राहतो.

आपला ‘राक्षस’ या खेळात 1975 सालीच आला, आणि खेळाचा एक जनक गॅरी गायगॅक्स याच्या 1977च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्येही तो होता. वाघाचं डोकं, आणि तळहात उलटे. मंतरलेला बाण लागला की मरण. हा बाण पुराणातला नव्हे, एका अमेरिकन दूरदर्शन मालिकेतला. उलटा तळहात मात्र अस्सल युक्ती आहे. भुताचे पाय उलटे असतात हे ऐकत वाढलेल्या माणसाला ती समजावून सांगावी लागत नाही. रूप कसंही बदलो, नजर हाताकडे जाते.

पुराणांनी नियमही असेच उघड दिसणारे केले. भस्मासुराचा नियम एक: हात डोक्यावर, राख. त्याचं मरणही त्याच नियमात. मोहिनीने फक्त नाचायला लावलं. रक्तबीजाचा थेंब सांडला की नवा असुर, म्हणून कालीने थेंब जमिनीवर पडूच दिला नाही. हिरण्यकशिपूची यादी लांब आहे: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. पण त्यातली प्रत्येक अट तिन्हीसांजेच्या उंबरठ्याकडे बोट दाखवते. म्हणजे लांबी हा दोष नव्हे. ज्या अटीतून वाट निघत नाही, ती अडगळ.

नागपूरच्या मारबतींच्या मिरवणुकीत खूण आणि अडगळ यांतला फरक उघड दिसतो. काळी मारबत 1881पासून, पिवळी 1885पासून निघते. रंग दिसला की ओळख पटली. त्यांच्यासोबतचे बडगे, म्हणजे पुतळे, दरवर्षी नवे: कधी महागाई, कधी भ्रष्टाचार. ते कोण हे कळायला गळ्यातली पाटी वाचावी लागते. विनोद म्हणून ते चालतं. खेळातल्या बऱ्याच राक्षसांना मात्र अशी पाटी नकळत लटकलेली असते आणि ती फक्त खेळ चालवणाऱ्यालाच वाचता येते.

सोपं करायचं ते इथे. आकडे हवे तेवढे ठेवा, पण एक खूण बाहेर दिसू द्या आणि तिच्यातच राक्षसाचं मरण ठेवा. मग रात्रीच्या वाटेवर म्हातारी भेटली, की टेबलावरचा एखादा पोरगा फासा हातातच धरून विचारेल, “तिचे पाय कसे आहेत?”