गरोदरपणातला 'एक पेला' आणि पुराव्याची चाळणी

एमिली ऑस्टर या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ. स्वतःच्या गरोदरपणात मिळालेल्या वैद्यकीय सल्ल्यांमागचा पुरावा त्यांनी शोधला आणि त्यातून 'एक्स्पेक्टिंग बेटर' हे पुस्तक २०१३ साली प्रसिद्ध झाले. 'डॉक्टर म्हणतात म्हणून' एवढ्यावर न थांबता मूळ शोधनिबंध वाचायचे, हा त्यांचा बाणा विज्ञान शिकवणाऱ्यांना आवडावा असाच आहे. विडी ओढूनही आजोबा नव्वदीला पोचले, हा वर्गात हमखास ऐकू येणारा युक्तिवाद त्या करत नाहीत. मद्यावरचे प्रकरण म्हणूनच बारकाईने वाचायला हवे. पहिल्या तीन महिन्यांत आठवड्याला एकदोन पेले आणि नंतर रोज एक पेला घेतल्याने अपाय होतो याला चांगला पुरावा नाही, असा त्यांचा निष्कर्ष आहे.

डेट्रॉइटमधल्या एका अभ्यासात (२००१) थोडे मद्य घेतलेल्या मातांच्या मुलांत वर्तनाच्या तक्रारी अधिक दिसल्या. ऑस्टर तो बाजूला ठेवतात. कारण रोज एक पेला घेणाऱ्यांपैकी ४५ टक्के माता कोकेनही घेत होत्या. न पिणाऱ्यांत हे प्रमाण १८ टक्के होते. शंका रास्त आहे. पण ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत अधूनमधून पिणाऱ्या मातांची मुले न पिणाऱ्यांच्या मुलांपेक्षा किंचित सरसच दिसली! मद्याने मुले हुशार होतात असे कोणी म्हणणार नाही. तिथे मोजके मद्य घेणाऱ्या स्त्रिया बहुधा अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या असतात. हा फरक संशोधक गणिताने वजा करू पाहतात, पण तो पुरता जातोच असे नाही. कोकेनमुळे अपाय फुगून दिसेल, तसा सुबत्तेमुळे तो झाकलाही जाईल. ऑस्टर यांची चाळणी पहिल्या बाबतीत बारीक आहे, दुसऱ्या बाबतीत जाड.

ही अडचण टाळण्यासाठी ब्रिस्टलच्या संशोधकांनी २०१२ साली एक युक्ती केली. मद्याचे विघटन घडवणारी जनुके माणसागणिक थोडी वेगळी असतात आणि ती घरच्या उत्पन्नावर ठरत नाहीत. माफक पिणाऱ्या मातांच्या मुलांत, अशा जनुकांची चार विशिष्ट रूपे असलेल्यांचा आठव्या वर्षीचा बुद्ध्यंक कमी निघाला. न पिणाऱ्या मातांच्या मुलांत हा संबंध आढळला नाही. एका अभ्यासाने प्रश्न मिटत नाही, पण 'पुरावा नाही' हेही म्हणता येत नाही.

शेवटच्या महिन्यांसाठी दिलेली सवलत मला अधिक खटकते. अवयव आधीच घडलेले असतात हे खरे. मेंदूची झपाट्याची वाढ मात्र याच काळात होते. वार पार करून अल्कोहोल गर्भापर्यंत पोचते आणि गर्भाचे यकृत ते फारसे मोडू शकत नाही. (१९६०च्या दशकात अकाली कळा थांबवायला डॉक्टर स्वतःच शिरेतून अल्कोहोल देत, हे आज वाचताना अंगावर काटा येतो.) उंदरांच्या पिलांचा जन्मानंतरचा पहिला आठवडा मेंदूच्या वाढीच्या दृष्टीने आपल्या शेवटच्या तिमाहीसारखा असतो. त्या वयात एकाच दिवशी दिलेल्या अल्कोहोलने असंख्य चेतापेशी मेल्या, असे २००० साली 'सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाले. मात्रा खूप मोठी होती. रोजच्या एका पेल्याशी तिची बरोबरी नाही. प्रश्न आहे तो 'पहिल्या तिमाहीनंतर हात सैल सोडा' या क्रमाचा. त्याला जीवशास्त्राचा आधार नाही.

ब्रिटनच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी २०१६ साली आपला जुना, थोडी मुभा देणारा सल्ला बदलला. अल्प मद्याचा धोका बहुधा कमीच असेल हे त्यांनी लपवले नाही, आणि तरीही गरोदरपणात अजिबात न पिणे सर्वांत सुरक्षित, असेच सांगितले.