खालचा जबडा कुठे गेला?

मराठवाड्यातल्या केजच्या सहावीच्या वर्गाला प्राचीन शिल्पातले अद्भुत प्राणी दाखवायचे, तर सुरुवात कीर्तिमुखापासून करावी. पुस्तकात हडप्पाच्या मुद्रांवरचा एकशिंगी प्राणी असतो, पण तो चित्रातच राहतो. कीर्तिमुख मात्र हाताने चाचपता येतं. जवळच अंबाजोगाई आहे. सिंघणदेव यादवाचा सेनापती खोलेश्वर याने तिथल्या सकलेश्वर मंदिराचा शके ११५०, म्हणजे इ.स. १२२८चा लेख मागे ठेवला. त्या काळच्या मराठवाड्यातल्या मंदिरांच्या उंबरठ्यांवर, खांबांवर हा चेहरा पुन्हा पुन्हा भेटतो.

गोष्ट आधी सांगू नये. आधी नुसतं बघू द्यावं. बटबटीत डोळे, ताणलेल्या भुवया, वळलेली शिंगं, चपटं नाक, फुगलेले गाल, वरच्या ओळीचे दात. मुलं म्हणतील वाघ, कुणी म्हणेल राक्षस. म्हणू द्यावं. मग एकच विचारावं : याच्या अंगावर काय काय नाही? मान नाही, पाय नाहीत. बहुतेक ठिकाणी खालचा जबडाही नाही. हा शोध मुलांचा मुलांना लागला पाहिजे. कारण शिल्पकाराने गोष्टीतला कळसाचा क्षण जे कोरलं नाही त्यातच ठेवला आहे.

आता पुराणातली कथा सांगावी. जालंधर या असुराने राहूला शंकराकडे पाठवलं, पार्वतीची मागणी करायला. शंकराच्या क्रोधातून एक भुकेला जीव उपजला आणि राहूवर धावला. राहू शरण आला, त्याला अभय मिळालं. मग भुकेचं काय? शंकर म्हणाले, स्वतःलाच खा. त्याने पाय खाल्ले, हात खाल्ले, धड खाल्लं. उरलं ते तोंड. प्रसन्न होऊन शंकरांनी त्याला कीर्तिमुख म्हटलं आणि आपल्या दारी बसवलं.

एवढं ऐकून मुलं पुन्हा दगडाकडे वळली की बघण्यात फरक पडतो. मला स्वतःला सर्वांत जास्त भिडतात त्या मोत्यांच्या माळा. खांबांवरच्या, भिंतीवरच्या पट्ट्यांत कीर्तिमुखाच्या तोंडातून त्या लोंबतात. सगळं गिळून बसलेल्या तोंडातून दागिना बाहेर येतो आणि शेजारच्या मुखाशी जोडला जातो. छिन्नीला दाद न देणाऱ्या काळ्या पाषाणात हे सैल झुलणं उतरवणारा कारागीर फार मोठ्या ताकदीचा. सहलीत घाईघाईने प्रदक्षिणा आटोपणाऱ्या शाळा नेमकी हीच पट्टी चुकवतात, याची हळहळ वाटते.

घरी गेल्यावर मुलांनी देव्हाऱ्यातली पितळी प्रभावळ बघावी. तिच्या माथ्यावर बहुधा हाच चेहरा असतो. पुढच्या तासाला जावातल्या बोरोबुदूरचा फोटो लावावा. आठव्या-नवव्या शतकातल्या त्या स्तूपाच्या कमानींवरही हेच मुख आहे, तिथे त्याला काल म्हणतात. नाव सांगण्याआधी मुलांनाच पाहू द्यावं, त्याला खालचा जबडा आहे का.