अर्पणपत्रिकेत नसलेला पक्ष

१८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केली. अभ्यासक त्यात कृतज्ञता पाहतात. मला तिथली निवड महत्त्वाची वाटते. अर्पण लोकांना आहे, पक्षाला नाही.

१८५४च्या कॅन्सस-नेब्रास्का कायद्याने नव्या प्रदेशांत गुलामगिरीला वाट मोकळी केली. त्यावरून व्हिग पक्ष मोडला, रिपब्लिकन पक्ष उभा राहिला. १८६०मध्ये डेमोक्रॅटिक पक्ष दुभंगला आणि लिंकन सुमारे ४० टक्के मतांवर निवडून आले. पण त्यांच्या पक्षाचा जाहीरनामा गुलामगिरीचा विस्तार रोखण्यापुरताच होता. मुक्ती आली ती युद्धातून, आणि पळून येऊन सैन्यात भरती झालेल्या गुलामांच्या रेट्यातून.

म्हणून फुल्यांनी गौरवलेली निःस्वार्थता इतिहास म्हणून अपुरी ठरते. आवाहन म्हणून मात्र ती अचूक आहे: इथल्यांनी तो कित्ता गिरवून शूद्र बांधवांना सोडवावे. त्याच वर्षी त्यांनी सत्यशोधक समाज काढला. पुढे त्या वारशातून ब्राह्मणेतर पक्ष झाला, आणि त्यातले जेध्यांसारखे पुढारी काँग्रेसमध्ये गेले.

१८७३मध्ये आमची सोनारी निजामाच्या राज्यात होती; मताचा अधिकार कोणालाच नव्हता. आज तो आहे. तरी ती अर्पणपत्रिका उमेदवाराला नव्हे, वाचणाऱ्यालाच जाब विचारते.